चेहऱ्याच्या उंचीवरचा कागद

१

दर बुधवारी शाळा सुटली की मी ट्राम पकडून द्राहा मावशीकडे जायचे. ती खरं तर माझ्या आईची मावशी, पण आमच्या घरात सगळेच तिला मावशी म्हणतात. आई मला दोन कामं सांगून पाठवायची. गॅस नीट बंद असतो का ते बघायचं आणि मावशी कशी आहे ते बघायचं. दुसऱ्या कामाचा अर्थ मला उशिरा कळला.

मावशीला माझे डोळे हवे असायचे. तिच्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसला होता. कडेकडेचं तिला दिसायचं, समोरचं नाही. "कान आले, वेण्या आल्या, तोंड मात्र घरीच विसरलीस वाटतं," असं ती दार उघडताना म्हणायची. शाळेत मी कुणाशी फारसं बोलत नाही. मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मावशी मात्र थांबायची. तिला कसली घाईच नसायची.

ती अतिवास्तववादी होती. प्रागमध्ये तरुणपणी बरेच जण तसलं काही होतात आणि मग पोस्टात नोकरीला लागतात. मावशीही पोस्टात लागली, पण अतिवास्तववादी राहिली. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात मंडळी जमायची. त्यात कवी होते, चित्रकार होते, तिचा फोटोग्राफर नवरा एव्झेन होता. एकमेकांना स्वप्नं सांगायची, डोळे मिटून लिहायचं, डोळे मिटून चित्रं काढायची. पुढे त्यांची प्रदर्शनं बंद झाली, पुस्तकं कुणी छापेना. एकदा पोलिसांनी मावशीला चौकशीला बोलावून तिच्याच एका कवितेचा अर्थ विचारला होता. ती म्हणाली, मलाही अजून लागलेला नाही, लागला की साहेब, तुम्हालाच आधी कळवीन. आता त्या मंडळींपैकी काही परदेशात होती, बाकीची कबरस्तानात. मावशी एकटी उरली होती आणि तिचं अजून चालूच होतं.

चालू होतं ते ठसे घेणं. नाण्यावर कागद ठेवून मुलं पेन्सिल घासतात तसंच. लाकडी जमीन, सुकी पानं, पावाची साल, काहीही कागदाखाली घ्यायचं, वरून ग्रॅफाइटची जाड कांडी आडवी धरून घासायची आणि जे उमटेल त्यात काय दिसतं ते बघायचं. त्यावर ती कविता लिहायची. हाताला शिकवायचं नाही, उमटलेलं खोडायचं नाही, असे तिचे नियम होते. माझ्यासाठी एक वेगळा नियम होता. दिसलं ते सांगायचं, वाटलं ते नाही.

२

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा तिने शेवटचं मोठं काम काढलं. 'शेवटचं' हा शब्द तिचाच. डॉक्टर म्हणाले होते की वसंत येईपर्यंत कडेचंही दिसेनासं होईल.

स्वयंपाकघरामागे एक लहान खोली होती. एव्झेन तिथे फोटो धुवायचा. तो गेल्यापासून ती रिकामीच होती. तिची एक भिंत मावशीला पूर्ण हवी होती, जमिनीपासून वरपर्यंत, आडव्या पट्ट्यांमध्ये. भिंत साधी, चुन्याने पांढरी केलेली. मी कागदाची गुंडाळी भिंतीला धरून उलगडत जायचे आणि मावशी माझ्या मागून घासत यायची. हातभर झालं की ती म्हणायची, "दाले." म्हणजे पुढे. मी पुढे सरकायचे. खोलीत कागदाची सळसळ, ग्रॅफाइटची खरखर आणि मधूनच ते "दाले", एवढाच आवाज असायचा.

पहिला पट्टा जमिनीलगतचा. मी गुडघ्यांवर बसून सांगत होते, हे चुन्याचे खडे, हा ब्रशाचा फटकारा. भिंतीच्या मध्यावर आलो तेव्हा कागदावर दोन गोल उंचवटे उमटले.

"काय आहे?" मावशीने विचारलं.

"दोन बटाटे."

ती खूश झाली. "कसले बटाटे? नीट बघ."

मी वाकून बघितलं. बटाट्यांना शिवण होती. शिवणीच्या वर नाडी ओवायची भोकं होती. ती बुटांची टोकं होती, आमच्याकडे वळलेली.

मी कागद उचलून भिंतीवर हात फिरवला. गार आणि सपाट. हाताला लागलं नाही ते ग्रॅफाइटला लागलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. कुणी कधी काळी ओल्या चुन्यात बूट टेकवले असतील. पण बूट टेकवले तर खळगे पडतात, उंचवटे येत नाहीत. हे मला जिना उतरताना सुचलं.

खाली उतरल्यावर मी इमारतीच्या मागे जाऊन बघितलं. पूर्वी तिथे लागून दुसरं घर होतं, ते पाडून टाकलेलं. त्यामुळे मावशीच्या त्या भिंतीच्या पलीकडे काहीच नव्हतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत नुसती उघडी विटांची भिंत आणि एका खाचेत दोन कबुतरं.

पुढच्या बुधवारी मावशी चहात रम ओतत होती तेवढ्यात मी वहीचा कागद घेऊन एकटीच त्या खोलीत गेले आणि त्याच जागी, जमिनीलगत, पेन्सिल घासून बघितली. चुन्याचे खडे आले, ब्रशाचे फटकारे आले. बूट आले नाहीत. मला हायसं वाटलं. म्हणजे आधीचा कागदच चुरगळलेला असणार.

मग मावशी आली, आम्ही दुसरा पट्टा लावला आणि त्यात कोटाची खालची किनार आली.

३

तिसऱ्या पट्ट्यात हात आले. ते बाजूंना सैल सोडलेले होते, बोटं किंचित आत वळलेली. नखंसुद्धा दिसत होती. मी मावशीला एकेक बोट सांगितलं. डाव्या करंगळीला नख नव्हतं, तेही सांगितलं.

मावशीने कांडी खाली ठेवली. तिने स्वतःची बोटं एप्रनला पुसली. मला वाटलं तिला एव्झेनची आठवण झाली असेल. मी तसं भीतभीत विचारलं.

"एव्झेनची नखं सगळी जागच्या जागी होती," ती म्हणाली. "हा अनोळखी आहे. बरंच झालं. ओळखीचे लोक कंटाळा आणतात."

ती हसली, पण तिचा आवाज कापत होता, आणि तो भीतीने नाही. "आयुष्यभर मी दुसऱ्यांची स्वप्नं ऐकली," ती म्हणाली, "उमटलेल्या डागांना मासे म्हटलं, पक्षी म्हटलं, त्यात निम्मं तरी मी स्वतःच्या पदरचं घालत होते. हे माझ्या पदरचं नाही. मला दिसतच नाही तर मी घालणार काय?" तिला फक्त एक हवं होतं. पट्टे वर वर जातील, चेहरा येईल, तेव्हा मी तिथे असावं आणि तो तिला सांगावा. मी हो म्हटलं.

त्याच रविवारी आईने बटाटे सोलताना मला समोर बसवलं. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. मावशी जायला तयार नव्हती, पण ती एकटी राहू शकत नाही असं आई लेखी देऊ शकत होती.

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही," आई म्हणाली. "मला खरं सांग रादका. ती भलतंसलतं बोलते का?"

मी हो म्हटलं असतं तर मावशीला चार बायकांच्या खोलीत एक खाट आणि एक लोखंडी कपाट मिळालं असतं. तिथे ग्रॅफाइट चालत नाही, चादरी काळ्या होतात. मला बुधवार उरला नसता. नाही म्हटलं असतं तर ती त्या भिंतीपाशी राहिली असती.

"बरी आहे," मी म्हटलं. "कामात असते."

आईने माझ्याकडे बघितलं आणि पुढचा बटाटा घेतला.

४

खालच्या मजल्यावर शेबकोवा बाई राहतात. त्या जिन्यात भेटल्या की मी भिंतीला चिकटून जाते, पण त्या दिवशी त्यांनी बादली अशी मधोमध ठेवली होती की थांबावंच लागलं.

"तुझ्या मावशीकडे हल्ली पाहुण्यांची बरीच वर्दळ असते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझ्याशिवाय कुणी येत नाही.

"हो का? मग ती बोलावते कुणाला? मी काही कान लावून बसत नाही हो, पण या घराच्या भिंती कागदाच्या. दर बुधवारी तेच. 'दाले', मग थोड्या वेळाने पुन्हा 'दाले'. आत या, आत या, आत या. अगं, घरची बाई एवढं आग्रहाने बोलावतेय तर येणाऱ्याने एकदाचं यावं की. इतका वेळ दारात उभं राहायचं म्हणजे कसला हा पाहुणा?"

त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि बादली उचलली.

मी लगेच वर गेले नाही. जिन्याच्या वळणावर उभी राहिले. दार वाजलं की आमच्याकडे सगळे जागेवरूनच ओरडतात, "दाले." या, आत या. आई ओरडते, शाळेत मुख्याध्यापिका ओरडतात, मीही म्हणते. पुढे सरकायलाही तोच शब्द आणि आत यायलाही तोच. दिवसातून इतक्यांदा तोंडात येणारा शब्द, आणि आम्हा दोघींच्या तो ध्यानातसुद्धा आला नव्हता. मी वहीचा कागद घासला तेव्हा मी एकटी होते आणि गप्प होते.

त्या भिंतीसमोर उभं राहून मावशी पूर्ण पानगळभर तेच म्हणत आली होती.

५

मी तिला सगळं सांगितलं, शेबकोवा बाईंच्या विनोदासकट. मावशी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"आज तो शब्द नको," मी म्हटलं. "मी माझी मीच सरकते."

"बरं," ती म्हणाली. "बघू."

आम्ही छातीच्या उंचीचा पट्टा लावला. मी अंदाजाने सरकत राहिले, ती घासत राहिली. कुणी बोललं नाही. बाहेर ट्राम चढावर कण्हत गेली. पट्टा संपला तेव्हा मी मागे येऊन बघितलं. चुन्याचे खडे, ब्रशाचे फटकारे. मध्यावर, जिथे कोट यायला हवा होता तिथेही तेच.

"काय आहे?"

"भिंत."

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मावशीचा चेहरा मात्र असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. तिने कांडी दुसऱ्या हातात घेतली, केस कानामागे सारले, एप्रनच्या सुरकुत्या झटकल्या. मग भिंतीकडे तोंड करून, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं, स्वच्छ आणि अदबीने म्हणाली, "दाले."

काहीच झालं नाही. भिंतीच्या आत कुठेतरी बारीक वाळू घसरल्यासारखा आवाज आला. जुनं घर आहे, थंडीत असं होतं.

मावशीने तोच कागद, तीच जागा पुन्हा घासायला घेतली. मी कागदाची कड धरून उभी होते. बटणं आली. वरचं बटण तुटलेलं होतं, दोरा लोंबत होता. त्याच्या वर कॉलरची टोकं आली. आणि माझ्या तळव्याखालचा कागद भिंतीपासून जरासा सुटला, परत टेकला, परत सुटला. झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवल्यावर वर खाली होतो, तेवढाच.

मी हात काढला. मावशीचा हात तिथेच होता. ती डोळे मिटून उभी होती.

"सांग," ती म्हणाली.

मी दप्तर उचललं आणि धावत जिना उतरले. घरी पोहोचल्यावर आईला सगळं सांगितलं. बूट, हात, बटणं, तो शब्द, सगळं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग तिने माझे काळे झालेले हात ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाली, "हे तिने तुझ्या डोक्यात भरलंय. चूक माझी. मी तुला तिच्याकडे पाठवत राहिले." आणि लेखी द्यायला बसली.

६

शनिवारी सकाळी आम्ही मावशीला न्यायला गेलो. आईने ऑफिसातल्या कुणाची तरी स्कोडा मागून आणली होती. मला वाटलं मावशी माझ्याशी बोलणार नाही. ती स्वयंपाकघरात बाहेर जायचा कोट घालून, हातमोजे घालून खुर्चीवर बसली होती.

"कान आले," ती म्हणाली. एवढंच.

आई पेट्या खाली न्यायला लागली तेव्हा मी मावशीजवळ गेले आणि म्हटलं, मी आईला सांगितलं.

"दिसलं ते सांगितलंस ना? मग झालं तर." तिने हातमोज्याने माझी वेणी चाचपली. "मी आज पहाटे उठून चेहऱ्याचा पट्टा एकटीने केला. अजून भिंतीवरच आहे. जा, बघून ये."

मला जायचं नव्हतं. पण ती असं कधी मागत नसे, आणि मी तिला तेवढं कबूल केलं होतं.

एव्झेन फोटो धुताना झाकून घ्यायचा त्या खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी आत आली होती. पट्टा माझ्या डोक्याच्या थोडा वर, वेडावाकडा चिकटवलेला होता. दोन्ही बाजूंना भिंत नेहमीसारखी उमटली होती. मधोमध एक लांबट गोल कोरा राहिला होता. तिथे ग्रॅफाइट लागलंच नव्हतं. कांडी फिरल्याचे पुसट ओरखडे होते, पण कागदाखाली काही टेकू नसला की कांडी काही धरत नाही, कागद नुसता आत दबतो. तो दबून फाटायला आला होता.

मी पट्टा खालच्या कडेने धरून ओढला.

भिंत आत गेली होती. फार नाही, तिरप्या उजेडातच कळेल इतकी. डोक्याच्या जागी एक खोलगट वाटी, खाली खांदे, लांब कोट, जमिनीपाशी दोन लहान खळगे. उशीवरून कुणी उठून गेल्यावर राहतो तसा आकार. खाली जमिनीवर चुन्याची भुकटी पडली होती. ती भिंतीपाशी दाट होती आणि दाराकडे विरळ होत गेली होती.

"रादका," आईने जिन्यातून हाक मारली. "वर काही राहिलं का?"

मी त्या भिंतीकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

स्वयंपाकघरात येऊन मी मावशीला जसं दिसलं तसं सांगितलं. ती ऐकत होती, पण मान माझ्याकडे नव्हती, जरा बाजूला होती.

"हं," ती म्हणाली. "चला तर मग."

मी तिचा हात धरायला पुढे झाले तर तिने दुसरा हात माझ्या हातात दिला. जवळचा नाही, पलीकडचा.

७

गाडीत मी पुढे बसले, मावशी मागे. मागे सामान काहीच नव्हतं, सगळं डिकीत होतं, तरी ती एका दाराला अगदी चिकटून बसली होती, खांदा काचेला टेकलेला, गुडघे जवळ घेतलेले. आईने गाडी सुरू केली. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर खसखशीच्या पावांसाठी रांग लागली होती. सगळं नेहमीसारखं होतं. आई मुद्दाम आनंदाने बोलत होती. तिथे बाग आहे, रविवारी कोबी आणि बदक असतं, आम्ही दर पंधरवड्याला येऊ.

पुलाच्या आधी तिने आरसा हलवला. मग पुन्हा हलवला.

"मावशी, जरा कडेला सरक ना. मला मागचा रस्ताच दिसत नाहीये."

"सरकलोय आम्ही," मावशी म्हणाली.

आईने कपाळाला आठी घातली, आरसा आणखी एकदा फिरवून बघितला आणि मग खिडकीबाहेरच्या आरशात बघून गाडी पुलावर घेतली. नदीवर धुकं होतं. मी डोळे समोरच्या ट्रामच्या रुळांवर ठेवले. गाडीत ओल्या चुन्याचा वास येत होता. जुन्या घराचा वास कपड्यांना लागतोच.

"रादका," मावशी अगदी हळू म्हणाली, माझ्या कानाशी झुकून. "मला बाही दिसते. कॉलर दिसते. तोंडाकडे बघायला गेले की तो मेला डाग आडवा येतो. तेवढं सांग ना गं मला."

"काय सांगायचंय तिला?" आईने विचारलं.

मावशीने पुन्हा मागितलं नाही. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. एकटीचा होता की नाही, ते मला कळत नव्हतं. आजपासून ती अनोळखी बायकांच्या खोलीत असणार होती, वसंतात तिला कडेचंही दिसणार नव्हतं, आणि तिथे तिला कुणी काही सांगणार नव्हतं.

मी सीटला धरून मागे वळले. आधी मागची गादी दिसली, मधोमध खोल दबलेली. मग मी हळूहळू नजर वर न्यायला लागले, कारण मावशी वाट बघत होती.